कुठली आवड थांबू शकते?

बारावीनंतर काय, हे विचारणारी पत्रं एप्रिल-मेमध्ये या सदराकडे येतातच. यातलं आज निवडलेलं पत्र जुन्नर तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. तिने ‘कुकडीकाठची’ अशी सही केलीय, तेच नाव इथे ठेवते. बारावी विज्ञान, गणित घेतलेलं, जीवशास्त्राऐवजी भूगोल. बोर्डाची परीक्षा झाली, सीईटी झाली, निकाल यायचाय. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

“ताई, मला शाळेपासून इतिहास-भूगोल आवडतो. भूगोलाच्या बाईंमुळे नकाशे आवडायला लागले. नाणेघाटात सहल गेली तेव्हा बाकीच्या मुली फोटो काढत होत्या आणि मी लेण्यातल्या भिंतीवरची अक्षरं बघत बसले. आमच्या जवळच बोरीला नदीच्या काठात ज्वालामुखीची राख सापडते, ती मी बाटलीत भरून आणलीय. दहावीत असताना पप्पांनी विहीर खोल केली. रोज संध्याकाळी मी काठावर जायचे आणि किती फुटांवर काय लागलं ते विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवायचे. वर माती, मग मुरूम, मग भेगा असलेला काळा दगड, मग हातभर जाड तांबडा पट्टा, त्याच्याखाली मांजऱ्या, मग नुसता काळा पाषाण. पाणी तांबड्या पट्ट्याच्या अगदी वरून झिरपत होतं. पाषाणात आणखी वीस फूट गेलो, तिथे थेंबसुद्धा नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाणी कुठवर येतं त्याच्या खुणापण मी वहीत केल्यात. पाणी पट्ट्याच्या वरूनच का येतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पप्पा म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, मुलींना फी माफ आहे, मामांचा मुलगा हिंजवडीला आहे. मम्मी म्हणते बीए कर आणि स्पर्धा परीक्षा दे. क्लासचे सर म्हणतात, शाळेतली आवड टिकत नसते, तिच्यावर डिग्री निवडू नको. मला कॉम्प्युटर आवडत नाही असंही नाही. मी शाळेतल्या आवडीवर पुढची पाच वर्षं लावावीत का? आणि लावायची तर कशावर, इतिहास, भूगोल की आर्किऑलॉजी?”

प्रिय कुकडीकाठची,

तुझ्या पत्रात भूगोलाच्या बाईंना एक ओळ मिळालीय, नाणेघाटाला एक, आणि विहिरीला जवळजवळ अख्खं पान. तू तीन विषय विचारलेस. ज्यावर पान भरून लिहिलंस तो विषय मात्र त्या तिघांत नाही. त्याचं नाव भूशास्त्र, कॉलेजच्या फॉर्मवर जिऑलॉजी. तुला तो सुचला नाही यात नवल नाही, कारण तो आपल्याकडे शाळेत स्वतंत्रपणे शिकवलाच जात नाही. भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे प्रकार येतात, एखादा धडा ज्वालामुखीवर येतो, आणि तेवढ्यावर संपतं. शाळेतल्या आवडीवर पदवी निवडताना पहिला घोळ इथेच होतो. आठ-दहा विषयांच्या पलीकडचं काही मुलांना माहीतच नसतं, म्हणून जे आवडतं त्याला ती त्या आठ-दहांपैकीच एखादं नाव देतात.

आधी तुझ्या सरांच्या म्हणण्याबद्दल बोलू. ते पूर्ण चूक नाहीत. शाळेत विषय आवडतो म्हणजे पुष्कळदा त्या विषयाच्या बाई आवडतात, किंवा त्यात मार्क पडतात म्हणून तो आवडतो. बाई बदलल्या, पेपर अवघड गेला, की ती आवड उतरते. इतिहासातल्या गोष्टी आवडणाऱ्या कितीतरी मुलांना एमएला गेल्यावर कळतं की इतिहास म्हणजे दिवसचे दिवस दफ्तरखान्यात बसून मोडी वाचणं. तेव्हा “मला इतिहास आवडतो” एवढ्या वाक्यावर मी कुणालाही पदवी निवडायला सांगणार नाही, तुलाही नाही.

पण कुणी सांगितलं नसताना, मार्क नसताना, बघायला कुणी नसताना माणूस जे करत राहतो, त्याला वेगळं वजन द्यायला हवं. दहावीच्या वर्षात, अभ्यास सोडून, तू विहिरीच्या काठावर जाऊन थरांची जाडी लिहून ठेवलीस. पाणी कुठून येतं, कुठून येत नाही, याची नोंद केलीस. विहीर झाल्यावरही पाण्याच्या पातळीच्या खुणा करत राहिलीस. हे काम आवडीचं आहेच, शिवाय ते चिकाटीचं आणि बरंचसं कंटाळवाणं आहे, आणि तू ते केलंस. भूजलाचा अभ्यास करणारी माणसं पगार घेऊन हेच करतात. पुण्यात मुख्यालय असलेली राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षानुवर्षं निरीक्षण विहिरींची पातळी मोजत आलीय, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. तुझं वहीचं मागचं पान त्याच जातीचं आहे. ते फाडू नकोस, त्याचा उपयोग पुढे सांगते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुला कुणीच दिलेलं नाही. आपला सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचं पठार लाव्ह्याच्या थरांनी बनलंय, एकावर एक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थंड झाला, मग पुन्हा पसरला. दोन उद्रेकांच्या मध्ये पुष्कळदा मोठा काळ जायचा. तेवढ्या काळात खालच्या थराचा पृष्ठभाग उन्हापावसाने कुजायचा, त्याची माती व्हायची, आणि वरून नवा तापलेला लाव्हा आला की ती भाजून निघायची. तोच तुझा तांबडा पट्टा. तो चिकणमातीचा असतो, म्हणून पाणी सहसा त्यातून खाली उतरत नाही. वरच्या दगडाला भेगा आहेत, पावसाचं पाणी त्या भेगांतून पट्ट्यापर्यंत येतं, तिथे अडतं आणि आडवं सरकत विहिरीत झिरपतं. खालचा मांजऱ्या म्हणजे आधीच्या थराचा फेसाळ माथा. वायूच्या बुडबुड्यांनी त्याला भोकं पडलेली असतात आणि त्यात नंतर पांढरी-हिरवी खनिजं भरतात. त्याच्याखालचा पाषाण थराच्या पोटातला, घट्ट, भेगा नसलेला, म्हणून कोरडा. तुमचे वीस फूट वाया गेले ते तिथे. आता पुढचा प्रश्न तूच स्वतःला विचार: हे वाचताना तुला “बरं, कळलं” एवढंच वाटलं, की “मग पलीकडच्या शिवारातल्या विहिरीत हाच पट्टा किती फुटांवर असेल?” असं लगेच डोक्यात आलं? दुसरं असेल तर पुढचं नीट वाच.

आता तुझी ती राखेची बाटली. बोरीची राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटर वाऱ्यावर येऊन कुकडी नदीच्या काठी पडलेली. तिथेच नदीच्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली. हत्यारं ओळखणारे पुरातत्त्वाचे लोक होते. पण ती हत्यारं किती जुनी, हे ठरवायचं तर राखेचं वय कळायला हवं, आणि तिथे भूशास्त्रज्ञ लागले. राखेतल्या काचेच्या बारीक कणांचं रसायन तपासायचं, त्यावरून कुठल्या उद्रेकाची राख ते ठरवायचं. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महाउद्रेकाची, की त्याच्या कितीतरी आधीच्या, यावर संशोधकांत चांगलाच वाद झाला. एकाच नदीकाठावर दोन विद्याशाखांची माणसं उभी होती. त्यातलं तू कोण, असं मी विचारणार नाही, तुला दोन्ही व्हावंसं वाटतंय हे दिसतंय. मला विचारायचंय ते असं, की या दोन्हींपैकी आत्ता, सतराव्या-अठराव्या वर्षी, कशाला हात घालावा लागतो आणि कशाला नंतर घातला तरी चालतो?

माझं सगळं सांगणं या प्रश्नाभोवतीच आहे. मुलं आणि पालक “जास्त काय आवडतं” यावर भांडतात. आवडी तीन-चार असतातच, त्यात काही वाईट नाही. पण काही विषयांत बारावीनंतर लगेच शिरावं लागतं, नंतर वाट बंद होते. आणि काही विषय पदवीनंतरही तुला आत घेतात, पदवी कशाची आहे हे फारसं न बघता.

पुरातत्त्व दुसऱ्या गटात मोडतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए आहे, तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. भूशास्त्राची पदवी घेऊन तिथे गेलीस तर उलट तुझं स्वागतच होईल, कारण गाळाचे थर वाचता येणारं माणूस त्यांना लागतंच. इतिहासही तसाच. इरावती कर्व्यांचं उदाहरण घे. फर्ग्युसनमधून त्यांची पदवी तत्त्वज्ञानाची, मग मुंबईत समाजशास्त्र, मग बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्र, आणि पुढे डेक्कन कॉलेजात आयुष्यभराचं काम. मानव्यविद्यांनी माणसाला उशिरा आत घेतलं म्हणून हे होऊ शकलं. कायद्याचं तीन वर्षांचं शिक्षण पदवीनंतर होतं, पत्रकारिता होते, एमबीए होतं. भूगोलातला ज्याला आज मागणी आहे तो भाग, म्हणजे उपग्रहचित्रं आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती एकत्र मांडणं), त्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रमही अनेक शाखांना खुले असतात. आणि पप्पांना हे मुद्दाम सांग: संगणकाची वाटसुद्धा नंतर बंद होत नाही. बारावीला गणित आहे म्हणून पदवी दुसरी असली तरी एमसीएची, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर पदवीची, सीईटी तुला देता येते.

भूशास्त्राचं तसं नाही. एमएस्सी जिऑलॉजीला बहुतेक ठिकाणी बीएस्सीला जिऑलॉजी असावंच लागतं. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही परीक्षा असते, तिच्यात जिऑलॉजीचा वेगळा पेपर आहे, पण प्रवेशाच्या अटीत तो विषय पदवीला असणं येतंच. कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन चार वर्षांनी “आता मला खडक शिकायचेत” म्हटलंस तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. वैद्यकीय आणि वास्तुकला यांचंही असंच असतं, ज्याला जायचंय त्याने बारावीनंतरच ठरवावं लागतं. म्हणून तुझ्या सगळ्या आवडींपैकी थांबू न शकणारी आवड एकच आहे, आणि योगायोगाने तूच तिच्यावर पान भरून लिहिलंयस. माझं मत विचारशील तर बीएस्सीला भूशास्त्र घे. पुरातत्त्वाची, इतिहासाची आवड जिवंत ठेव, ती वाट बघेल.

आता या विषयाची कोरडी बाजू ऐकून घे, कारण प्रवेश घेतल्यावर ती कळली तर उपयोग नाही. बीएस्सी जिऑलॉजी म्हणजे रोज डोंगरात हिंडणं असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. अभ्यासदौरे असतात, आणि ते विद्यार्थ्यांना जन्मभर आठवतात, पण वर्षाचा मोठा भाग प्रयोगशाळेत जातो. दगडाचा काप काचेवर चिकटवतात, घासून घासून तीन शतांश मिलिमीटर जाडीचा करतात आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. विहिरीतला काळाकुट्ट दगड त्या जाडीला आरपार दिसतो. त्यात फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या काड्या आणि मध्येमध्ये पायरोक्सीन या दुसऱ्या खनिजाचे भडक रंगाचे कण. पहिल्यांदा बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मग मात्र ते खनिज ओळखायचं, त्याचा कोन मोजायचा, टक्केवारी काढायची, वहीत आकृती काढायची, आणि हे असं अनेक दुपारी. स्फटिकांच्या आकारांची नावं पाठ करावी लागतात. जीवाश्मांची लॅटिन नावं पाठ करावी लागतात. खडकाच्या थराचा उतार आणि दिशा (नती आणि नतिलंब) मोजून नकाशावर मांडणं, नकाशावरून जमिनीखालच्या थरांचा उभा छेद काढणं, यात भूमिती येते. तुला गणित बरं जातं आणि छेद काढायची सवय तू स्वतःच लावून घेतलीयस, म्हणून मला त्याची काळजी नाही. रसायनशास्त्राबद्दल तू पत्रात एक शब्द लिहिला नाहीस, त्याची आहे. रसायन अगदीच डोक्यावरून जात असेल तर पहिलं वर्ष जड जाईल, तेवढी तयारी या सुट्टीत कर.

भाषेचंही सांगते. पाठ्यपुस्तकं इंग्रजीत असतात. गावाकडून आलेल्या मुली पहिल्या सत्रात त्यामुळेच गप्प बसतात. मराठी विश्वकोशात भूशास्त्राच्या खूप चांगल्या नोंदी आहेत आणि तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. बेसाल्ट (आपला काळा दगड), झिओलाइट, भूजल या नोंदी आत्ताच वाच. संकल्पना मराठीत पक्की झाली की इंग्रजी पुस्तक अर्धं सोपं होतं.

पैशाचा प्रश्न पप्पा विचारणार, आणि त्यांनी विचारायलाच हवा. त्यात आवडीचा अपमान नाही. फीमाफीबद्दल ते बरोबर बोलतायत: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५पासून केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या पात्र गटांतल्या मुलींना राज्य सरकार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करतं. हा खरा आधार आहे. पण अनुदानित तुकडीतल्या बीएस्सीची फी मुळातच इंजिनिअरिंगच्या तुलनेत फार कमी असते, तेव्हा फक्त फी माफ आहे म्हणून इंजिनिअरिंग, हा हिशोब तुझ्या बाबतीत बसत नाही. प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, एवढं मात्र आधी विचार. खरा खर्च दोन्हीकडे पुण्यात राहण्याचा आहे.

कमाईचं स्पष्ट बोलते. कॉम्प्युटर इंजिनिअर चार वर्षांत कमवायला लागू शकतो. भूशास्त्रात नुसत्या बीएस्सीवर फार काही हाती लागत नाही, एमएस्सी करावंच लागतं, म्हणजे पाच वर्षं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी यूपीएससी ‘कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट’ ही परीक्षा घेते, तिला पदव्युत्तर पदवी लागते. जागा मोजक्या असतात. राज्याच्या भरतीच्या जाहिराती नियमित निघत नाहीत. खाणी, तेल कंपन्या, धरणं, बोगदे, मेट्रो यांना भूशास्त्रज्ञ लागतात, पाणलोट आणि भूजलावर काम करणाऱ्या संस्थांना लागतात, पण सुरुवातीचा पगार तुझ्या मामेभावाएवढा बहुधा नसेल. हे पप्पांना तूच आधी सांग. त्यांना ते दुसऱ्याकडून कळलं तर पुढचं ते ऐकणार नाहीत.

मग त्यांना ती वही दाखव. पप्पांनी पाषाणात वीस फूट खणण्यासाठी किती पैसे घातले ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. पाणाडी बोलावून, नारळ हातावर धरून बोअर घेणारी गावंच्या गावं आहेत आपल्याकडे. तांबडा पट्टा किती फुटांवर आहे हे माहीत असलेलं माणूस आधी मिळालं असतं तर खाली किती जायचं हे ठरवता आलं असतं. या कामाची गरज किती आहे हे द्राक्षं-टोमॅटोवर जगणाऱ्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण ते विसरले नसतील. ३० जुलै २०१४ला डोंगर गावावर आला, दीडशेहून अधिक माणसं गेली. कुठला उतार धोक्याचा आहे, त्याचे नकाशे भूशास्त्रज्ञ करतात. कोयनेच्या परिसरात भूकंप समजून घ्यायला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय, तेही याच लोकांचं काम. मला हा विषय महाराष्ट्राच्या जगण्यामरण्याचा वाटतो, आणि त्याकडे वळणारी मुलं इतकी कमी असावीत याचं वाईट वाटतं.

मुलीने डोंगरात कसं जायचं, हा प्रश्न घरात कुणी काढला तर त्याला उडवून लावू नकोस. दौऱ्यावर राहण्याची, स्वच्छतागृहाची अडचण असते, ती खरी आहे. विभागात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, त्या नेमकं सांगतील. सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ आणि आपल्या नागपूरच्या अदिती पंत सागरशास्त्रज्ञ. या दोघी १९८३मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. मम्मीला हे आवडेल.

मम्मीच्या सूचनेचंही बघू. स्पर्धा परीक्षा द्यायची तर बीएच करायला हवं असं नाही. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत भूशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. शिवाय भारतीय वनसेवेला ठरावीक विज्ञान विषयांची किंवा कृषी-अभियांत्रिकीसारखी पदवी लागते, त्यात भूशास्त्र आहे, आणि त्या विषयांशिवायचं बीए चालत नाही. म्हणजे मम्मीच्या इच्छेच्या दृष्टीनेही बीएस्सीत एक वाट जास्त मिळते.

संगणक आवडतो म्हणालीस तर तो सोडूही नकोस. आजचा भूशास्त्रज्ञ हातोडीइतकाच संगणक वापरतो. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य (मेजर) विषयाबरोबर दुय्यम (मायनर) विषय असतो, तिथे जमलं तर संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घे. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इस्रोच्या डेहराडूनच्या संस्थेचे, आयआयआरएसचे, ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. याच सुट्टीत इस्रोच्या ‘भुवन’वर तुझं गाव काढ आणि आसपासच्या विहिरी त्यावर मांडून बघ.

सिव्हिल इंजिनिअरिंग हा मधला मार्ग कुणीतरी सुचवेलच. त्यात भूशास्त्र येतं, पण एखाद्या पेपरापुरतं. इमारती, पूल, काँक्रीट यांची तुला ओढ असती तर पत्रात कुठेतरी दिसली असती. घरात तडजोड म्हणून ते घेऊ नकोस, त्यात दोन्हीकडचं समाधान नाही.

निकाल लागायच्या आधी पुण्याला एक फेरी मार. फर्ग्युसनमध्ये भूशास्त्राचा जुना विभाग आहे. मुंबईला जाणं शक्य असेल तर सेंट झेवियर्समध्येही आहे. सुट्टी असली तरी विभागात कुणीतरी भेटतं. तुझी वही आणि राखेची बाटली घेऊन जा. ऑफिसात जाऊ नकोस, सरळ विभागात जा आणि तिथल्या शिक्षकांना तो छेद दाखव. त्यांना विचार: वर्षात दौरे किती होतात, ध्रुवण सूक्ष्मदर्शक मुलांच्या हातात देता की लांबून दाखवता, मागच्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? तिसऱ्या प्रश्नाला जिथे नावानिशी उत्तर मिळतं तो विभाग चांगला. मागचे दोन प्रश्नसंच मागून घे आणि घरी बसून वाच. सोडवता येणार नाहीत, पण प्रश्न वाचून उत्सुकता वाटते की छातीवर दडपण येतं, एवढं कळेल. दडपण येत असेल तर मला पुन्हा लिही, आपण नव्याने विचार करू.

बऱ्याच विज्ञान महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय असतात आणि मेजर दुसऱ्या वर्षी पक्कं होतं. तुझ्यासाठी हे सोयीचं आहे. भूशास्त्राबरोबर रसायन आणि गणित किंवा भौतिक असं काही घेतलंस, आणि वर्षभरात लक्षात आलं की हे आपलं नाही, तर वर्ष वाया न जाता दुसरीकडे वळता येतं. नियम विद्यापीठागणिक आणि स्वायत्त महाविद्यालयागणिक वेगळे असतात, प्रॉस्पेक्टसमधलं ते पान नीट वाच, आणि विषयांची कोणती जोडी एकत्र घेता येते हे लेखी बघूनच फॉर्म भर.

इंजिनिअरिंगच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीचा फॉर्मही भर. पप्पांना तेवढं समाधान दे, आणि तुलाही पर्याय हातात राहील. मात्र बीएस्सीचे प्रवेश पुष्कळ ठिकाणी बारावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतात आणि कॅपच्या याद्या लागेपर्यंत चांगल्या तुकड्या भरून जातात. तेव्हा कॅपची वाट बघत बीएस्सीचा अर्ज लांबवू नकोस. जातीचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रिमीलेअरचा, जो लागू असेल तो दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, निकालानंतर तिथे रांग लागते. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच दे, कारण जुन्नरहून रोज ये-जा करून प्रात्यक्षिकं होत नाहीत, आणि पुण्यात पहिल्या यादीनंतर मुलींच्या वसतिगृहात जागा मिळणं कठीण जातं.